काहीतरी लाव त्याला

घरात कुणालाही काहीही लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काहीतरी लाव त्याला." काय लाव ते कुणी सांगत नाही, फक्त काहीतरी. मग जो तो उठून शोधायला लागतो, कपाटातल्या त्या डब्यात शेपटाकडून गुंडाळत आणलेल्या अर्धवट ट्यूबा असतात, एक भाजल्याची, एक खाजेची, एक पाठ धरल्यावर चोळायची आणि एकीवरचं नावच पुसलं गेलेलं, आणि यातली कुठली तरी एक पाच मिनिटांत त्या जखमेवर जातेच. मला हल्ली असं वाटायला लागलंय की घरच्या घरी करायच्या उपचारांत औषधाचा वाटा अगदी थोडा आहे, बराचसा भाग शिवशिवणारे हात आवरून बसण्याचा आहे, आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही.

कापण्याचंच घ्या ना. पार्सलचा खोका उघडताना कटर टेपवरून सटकला आणि माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली जो मांसल फुगीर भाग असतो तिथे गेला. धारदार पात्याने कापलं की लगेच दुखत नाही आणि लगेच रक्तही येत नाही. आधी नुसती एक पांढुरकी रेघ दिसते, दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या, वाटतं चला वाचलो, आणि मग त्या रेघेवर बारीक लाल ठिपके उगवतात, ठिपके एकमेकांना मिळतात आणि ओघळ मनगटाकडे निघतो. मधला तो जो क्षण असतो त्यात शरीराने कामाला सुरुवात केलेली असते, कापलेल्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःला आवळून घेतात, मग प्लेटलेट्स येऊन तिथे चिकटतात, आणि त्यांच्यावर फायब्रिन नावाच्या प्रोटीनचे धागे विणले जाऊन पक्की गुठळी बसते. आपण करायचं एवढंच की स्वच्छ कापड नाहीतर गॉज ठेवून घट्ट दाबायचं, हात छातीच्या वर धरायचा, आणि दहा मिनिटं थांबायचं.

दहा मिनिटं म्हणजे मोबाईलवर टायमर लावून दहा मिनिटं. सांगायला सोपं आहे. दुसऱ्याच मिनिटाला मला खात्री झाली होती की आता थांबलं असणार, जरा उचलून बघूया. आणि हे उचलून बघणंच नडतं कारण नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर उचकटून येते आणि मीटर परत शून्यावर. कापड भिजलं तरी ते काढायचं नाही, त्याच्यावरच दुसरं ठेवून दाबत राहायचं. मी सोफ्याला टेकून खाली बसले होते, हात वर, अर्ध्या उघडलेल्या खोक्याकडे बघत, आणि दर थोड्या वेळाने उजव्या हाताचा अंगठा आपोआप ढिला पडत होता, म्हणजे मी ठरवून नाही, तोच जरा बाजूला सरकून बघू पाहत होता. एवढ्यात नवरा आला आणि त्याने आधी जमिनीवरचं रक्त पुसलं, मग मला पाणी दिलं आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "ते चिकटवायचं इन्स्टंट ग्लू आहे आपल्याकडे, ते लावू का? व्हिएतनाम युद्धात सैनिकांना लावायचे."

आता यात गंमत अशी की तो अगदीच काही तरी बोलत नव्हता. इन्स्टंट ग्लूमधला सायनोअॅक्रिलेट हा पदार्थ 1942 मध्ये हॅरी कूवर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली सापडला, आणि व्हिएतनाममध्ये त्याचा स्प्रे मारून रक्तस्राव थांबवल्याचं खरं आहे. ऑपरेशननंतर त्वचा चिकटवायला डॉक्टर आजही त्याच कुळातला ग्लू वापरतात. पण तो वेगळा, औषधी, त्यासाठीच बनवलेला असतो. घरात तुटलेल्या खेळण्यांसाठी ठेवलेला ग्लू सुकताना गरम होतो आणि आतल्या ओल्या मांसाला झोंबतो, शिवाय आत घाण राहिली असेल तर ती आतच सीलबंद. "तू फक्त टायमरकडे बघ," म्हटलं. त्यालाही काहीतरी करायचं होतं, दुसरं काय.

रक्त थांबलं की धुवायचं. कशाने? नळाच्या पाण्याने. पिण्याजोगं स्वच्छ पाणी असेल तर साध्या घरगुती जखमेला ते सलाईनइतकंच चालतं हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, तरी पाण्यावर आपला विश्वास बसत नाही. कारण पाणी झोंबत नाही ना! आमच्या लहानपणी जे औषध जास्त झोंबेल ते जास्त चांगलं असा सरळ हिशोब होता, स्पिरिटचा बोळा टेकवला की जीव डोळ्यांत यायचा आणि मोठी माणसं समाधानाने म्हणायची, बघ, जंतू मरतायत. मरत असतील बिचारे, पण त्या झोंबण्याचा जंतूंशी संबंध नाही. त्वचेतल्या ज्या नसा एरवी साधारण 42 अंश सेल्सिअसच्या पुढे "भाजतंय" म्हणून बोंब मारतात, त्यांची ती पातळी अल्कोहोलमुळे 34 अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे आपल्या अंगाची नेहमीची ऊबच त्यांना आग वाटायला लागते. हायड्रोजन पेरॉक्साइडचं तेच. तो फसफसून पांढरा फेस बघायला फार भारी वाटतं, पण आपल्याच रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून फेस. जखमेत जंतू असोत नसोत, फेस येणारच. आणि ही दोन्ही द्रव्यं जंतूंबरोबर जखम भरायला आलेल्या नव्या पेशींनाही मारतात. ते लाल औषध आठवतंय का, गुडघ्यावर लावलं की आठवडाभर मिरवता यायचं? मर्क्युरोक्रोम. त्यात पारा होता. 1998 मध्ये अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने ते "सर्वसाधारणपणे सुरक्षित" मानल्या जाणाऱ्या औषधांमधून काढून टाकलं. मिरवण्यापुरतं मात्र त्याच्यासारखं दुसरं नव्हतं.

मग पट्टी. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे स्वतःची जखम स्वतः बांधायची तर आपल्याकडे एकच हात उरतो. बँड-एडचं ते कागदी पाकीट एका हाताने उघडून बघा. दातात धरून ओढायचं, ते भलतीकडेच फाटतं, मग एका बाजूचं गुळगुळीत पान सुटतं आणि दुसऱ्या बाजूचं सुटायच्या आत पट्टी गुंडाळी होऊन स्वतःलाच चिकटते. चिकटपट्टीच्या रोलचं तर विचारूच नका, टोक कुठे आहे ते दोन हात असतानाही सापडत नाही. (आता मी प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर टोक दुमडून ठेवते. इतकी साधी गोष्ट आहे, पण रक्ताळल्या बोटाने ती शोधताना तिची किंमत कळते.)

आणि खरं तर बँड-एडचा शोधच या एका हाताच्या अडचणीतून लागलाय. 1920 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला अर्ल डिक्सन नावाचा एक माणूस जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापूस खरेदीचं काम बघायचा. त्याची बायको जोसेफिन, नवीन लग्न, स्वयंपाकघरात सारखं काहीतरी कापायचं नाहीतर भाजायचं, आणि तेव्हाची गॉज आणि टेप वेगवेगळी, ती बांधायला दुसरं माणूस लागायचं आणि डिक्सन तर दिवसभर ऑफिसात. मग त्याने एक लांब चिकटपट्टी पसरली, तिच्या मधोमध गॉजचे तुकडे ठेवले, वरून क्रिनोलिन नावाचं ताठ कापड लावलं म्हणजे चिकटायला नको, आणि परत गुंडाळून ठेवून दिलं. लागलं की तिने पाहिजे तेवढा तुकडा कापायचा आणि आपला आपण लावायचा. कंपनीने ते विकायला काढलं तेव्हा सुरुवातीला हाताने बनवायचे, 3 इंच रुंद आणि 18 इंच लांब, आणि फारसं कुणी घेत नव्हतं. 1924 मध्ये मशीनवर कापलेल्या छोट्या पट्ट्या आल्या आणि मग मात्र जगभर पसरल्या. या गोष्टीत सगळेजण डिक्सनचं कौतुक करतात, मला जोसेफिनचं जास्त वाटतं, घरी एकटी, हातातून रक्त येतंय, आणि तरी दुसऱ्या हाताने निभावून नेतेय.

पट्टी लावली की घरातला पुढचा वाद सुरू, झाकायचं की उघडं ठेवायचं. माझी आई उघड्या पार्टीची. "अगं हवा लागू दे त्याला, वाळेल लवकर." वाळतं हे खरं, पण वाळणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या अंगावरच्या उथळ जखमांवर प्रयोग केला, काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनची पातळ फिल्म लावली, आणि झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे, नव्या पेशी कडेकडून सरकत सरकत मधे येतात, त्यांना ओलावा लागतो, आणि वर कडक खपली धरली की त्यांना तिच्या खालून खोलवर वाट काढत यावं लागतं. म्हणून साध्या जखमेला धुऊन पुसून थोडं पेट्रोलियम जेली आणि वर पट्टी, रोज बदलायची, पुरतं. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डुकराचं वेगळं असतं."

भाजण्याचा प्रकार मात्र वेगळा, कारण तिथे हात आवरायचे पण सतत काहीतरी करतही राहायचं असतं. मुलीच्या मनगटाला इस्त्रीचा चटका बसला. इस्त्री बंद केलेली होती पण गरम होती. भोकाड पसरलं तिने, साहजिक आहे, आणि मी तिला उचलून सरळ बेसिनपाशी नेलं, घड्याळ काढलं आणि मनगट नळाखाली धरलं. वीस मिनिटं. गार, पण बर्फाचं नाही, नळाचं साधं पाणी. लोक दोन मिनिटं धरतात, आग कमी झाली की बंद करतात. पण चटका बसल्यावर उष्णता त्वचेत शिरून बसलेली असते आणि इस्त्री बाजूला झाली तरी ती आत खोलवर भाजत राहते, ती बाहेर काढायला वेळ लागतो. तेव्हा जमलं नाही तर पुढच्या तीन तासांत कधीही केलं तरी उपयोग होतो.

पण वीस मिनिटं लहान मुलीला नळाखाली धरणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. पहिली पाच मिनिटं रडण्यात गेली. मग गोष्ट. मग "झालं का?" मग दुसरी गोष्ट, मग "आई, हात गार पडला," मग "आता दुखत नाहीये, शप्पथ." तिला स्टुलावर उभं केलं, पाठीवर टॉवेल टाकला कारण लहान मुलं अशी लवकर गारठतात, धार बारीक केली. आईचा फोन आला, स्पीकरवर टाकला.

"काय लावलंस?"

"पाणी लावतेय."

"पाणी काय लावतात? टूथपेस्ट लाव की जरा, थंड वाटेल तिला."

"आजी, मला पाणीच आवडतंय," मुलगी म्हणाली, आणि तिथे तो विषय मिटला. टूथपेस्ट थंड वाटते ती त्यातल्या मेंथॉलमुळे, उष्णता काही कमी होत नाही, उलट तो थर आतली उष्णता कोंडून धरतो आणि पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर भाजलेल्या जागेवरून खरवडून काढावा लागतो. बर्फही नको, तो रक्तपुरवठा इतका आवळतो की भाजलेल्या जागेचं आणखी नुकसान होतं. फोड आला तर फोडायचा नाही, आत जो ओलावा असतो त्याच्यावर शरीराने स्वतःची निर्जंतुक पट्टी ठेवलेली असते, यापेक्षा चांगली आपण काय ठेवणार. वरून स्वच्छ प्लॅस्टिकची पातळ फिल्म नुसती ठेवायची, आवळून गुंडाळायची नाही.

"फुंकर घाल ना," ती म्हणत होती. घातली, अख्खी त्वचा होती, उघडी जखम नव्हती. तोंडात जंतू भरपूर असतात त्यामुळे उघड्या जखमेवर फुंकर नको, पण फुंकरीने बरं वाटतं ही काही नुसती समजूत नाही. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी गेट कंट्रोल नावाचा सिद्धांत मांडला, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक दरवाजा असतो आणि स्पर्शाच्या, चोळण्याच्या संवेदना तिथे पोचल्या की तो काहीसा लोटला जातो. म्हणून कोपर आपटलं की आपण न सांगता चोळतो. त्या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या पण आयांना त्या दुरुस्त्यांची गरज पडलेली नाही.

भाजण्याबद्दल एक चमत्कारिक गोष्ट वाचली होती. 2017 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तर रात्री भाजलेल्यांना बरं व्हायला सरासरी 28 दिवस लागले आणि दिवसा भाजलेल्यांना 17. त्वचेतल्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं आणि दिवसा त्या जखमेकडे जास्त चपळाईने सरकतात. तेव्हा इस्त्री करायचीच असेल तर दिवसा करा.

पाय मुरगळण्यावर माझा राग आहे त्यामुळे थोडक्यात आटोपते. 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं असा चार गोष्टींचा मंत्र दिला, सगळ्या जगाने तो पाठ केला, आणि कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं, कारण सूज घेऊन जे येतं तेच दुरुस्तीचं सामान असतं. दुखणं कमी करायला बर्फ थोडा वेळ ठेवा, पातळ कापडातून ठेवा, पण बर्फाने पाय बरा होतोय असं समजू नका. आणि दारात बोट चेमटून नख काळंनिळं झालं तर संयमाची खरी परीक्षा, हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, तो डाग टोकापर्यंत सरकत जायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचा असेल तर वर्ष-दीड वर्ष.

आता एवढं सगळं "काही करू नका" म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायलाच पाहिजे, कारण दुखणं अंगावर काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही. जखमेच्या कडा आपसूक जुळत नसतील, आतलं पिवळसर चरबीचं दिसत असेल, दहा-पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा उसळी मारून येत असेल, तर घरचा प्रयोग संपला, डॉक्टर. बोटाला कापलंय आणि जखमेच्या पुढचा भाग बधिर वाटतोय किंवा बोट वाकत नाहीये, तर वरून जखम कितीही छोटी दिसो, नस नाहीतर स्नायूबंध तुटलेला असू शकतो, डॉक्टर. मोठं काही आत घुसलेलं असेल तर ते उपसून काढायचं नाही, तसंच घेऊन जायचं. कुत्रा, मांजर आणि माणूस यांपैकी कुणीही चावलं तरी जायचंच, आणि हो, माणसाचं चावणं फार वाईट. भाजलेलं स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं असेल, चेहऱ्यावर, तळव्यावर किंवा सांध्यावर असेल, विजेने किंवा केमिकलने असेल, किंवा भाजूनही दुखतच नसेल, तर जास्त घाबरायचं, कारण न दुखणं म्हणजे तिथल्या नसाच जळाल्यात. आणि दोन दिवसांनी ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल तर मग ट्यूब शोधत बसू नका. डायबिटीस असलेल्यांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे सगळं एक पायरी आधीच करायचं.

माझी कटरची जखम यातल्या कशात बसत नव्हती, बोट वाकत होतं, कडा जुळत होत्या, नीट भरली. खाज आली तेव्हा मात्र जीव नकोसा झाला होता. आतमध्ये कोलॅजेन, म्हणजे त्वचेला ताकद देणारं प्रोटीन, भरून झाल्यावर शरीर ते पुढे वर्षभर नव्याने रचत बसतं, साधारण तीन महिन्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या 80 टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते.

राहिलं धनुर्वाताचं. गंजलेल्या खिळ्याला आपण उगाच बदनाम केलंय, गंजाने काही होत नाही, त्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि धुळीत असतात आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ते जोर धरतात, खिळा चकचकीत नवा असला तरी. लहानपणीचा कोर्स पूर्ण झालेला असेल तर दर दहा वर्षांनी एक डोस, आणि जखम मळकी किंवा खोल असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर परत. यातली खरी अडचण अशी की शेवटचं कधी घेतलं हे घरात कुणालाच आठवत नाही. म्हणून डब्यातल्या जुन्या ट्यूबा टाकून दिल्या तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्यांची नावं आणि तारखा लिहून चिकटवल्या. माझी लिहिलीय, मुलीची तिच्या लसीकरणाच्या कार्डावरून घेतली, आईने तर महिन्यासकट सांगितली. नवऱ्याच्या नावापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याचं म्हणणं असं की शाळेत असताना एकदा घेतलेलं त्याला पक्कं आठवतंय.